ही पट्टी प्रिंटमध्ये येईल का?

माझी मावशी बँकेतून निवृत्त झाली त्याला बरीच वर्षं झाली. हल्ली सोसायटीच्या सभासदांची यादी तिच्याकडे असते. एका ओळीत एक सभासद, बाकी काही सजावट नाही. एवढ्यासाठी वर्ड कशाला, म्हणून मी तिला नोटपॅड प्लस प्लस बसवून दिलं. दुसऱ्याच दिवशी फोन.

"अरे, मी ज्या ओळीवर असते ना, तिच्यामागे फिकट जांभळट पट्टी दिसते. बाण खाली दाबला की पट्टीपण खाली. प्रिंट काढली तर ही कागदावर येईल का?"

"नाही येणार."

"दिसतेय तर खरी. मग फाईलमध्ये नाही तर आहे कुठे?"

मी तिला तिच्याच नोकरीची आठवण करून दिली. लेजरमधले आकडे ताळ्याला लावताना ती ओळीखाली लाकडी पट्टी ठेवायची. डोळा खालच्या ओळीवर घसरू नये, एवढंच त्या पट्टीचं काम. लेजरमध्ये ती काही लिहीत नसे. मावशीला हे पटलं, पण तिनं लगेच पुढचा प्रश्न टाकला: "ती मी हातानं सरकवायचे. ही कोण सरकवतं?"

बहुतेक टेक्स्ट एडिटरमध्ये, म्हणजे निव्वळ मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, ही सोय असते. वापरणाऱ्याला ती क्षुल्लक वाटते. एडिटर बनवायला बसलेल्याला मात्र ती पहिल्याच आठवड्यात पाच-सहा प्रश्नांशी गाठ घालून देते.

१. संगणकाला ओळ दिसत नाही

आपल्याला फाईल म्हणजे एकाखाली एक ओळी वाटतात. संगणकाच्या लेखी ती एकच लांबलचक माळ असते. त्या माळेत मध्येमध्ये एक न दिसणारा मणी असतो: 'इथे ओळ संपली'. त्याला नवओळ म्हणू. एंटर दाबलं की हाच मणी ओवला जातो.

समजा मजकूर असा आहे: दूध, नवओळ, भाजी, नवओळ, बिल. मणी शून्यापासून मोजू. 'दूध' दोन अक्षरी दिसतो, पण साठवताना द, दीर्घ उकार आणि ध असे तीन मणी लागतात: ०, १, २. नवओळ ३ वर. 'भाजी'चे चार मणी: भ, काना, ज, वेलांटी, म्हणजे ४ ते ७. पुढची नवओळ ८ वर, आणि 'बिल' ९ पासून.

आता कर्सर 'भा' आणि 'जी' यांच्या मध्ये आहे. एडिटरला फक्त एक आकडा माहीत असतो: ६, म्हणजे कर्सर सहाव्या मण्याच्या अलीकडे. यावरून ओळ कशी काढायची? डावीकडे चालत जा, पहिली नवओळ लागेल तिथे थांब: ती ३ वर, म्हणून ओळ ४ पासून सुरू. उजवीकडे चालत जा: नवओळ ८ वर, म्हणून ओळ तिथे संपली. कर्सरच्या आधी नवओळ एकच आहे, तेव्हा ही दुसरी ओळ. झाली 'चालू ओळ' सापडून.

फाईल मोठी असेल तर दर वेळी पहिल्यापासून मोजणं परवडत नाही. मग एडिटर प्रत्येक ओळ कितव्या मण्यापासून सुरू होते याची अनुक्रमणिका बाळगतो आणि मजकूर बदलेल तशी ती दुरुस्त करत राहतो. तो तपशील इथे सोडून देऊ.

२. ती होती, पण दिसत नव्हती

चालू ओळ या कल्पनेला पडद्याची गरजच नव्हती, हे मला स्वतःला फार गमतीचं वाटतं. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी 'ईडी' नावाचा एडिटर लिहिला. समोर पडदा नव्हता, कागदावर खडखडत छापणारा टेलिटाइप होता. मजकूर संगणकाच्या पोटात, आणि आपण कुठल्या ओळीवर आहोत हे डोक्यात ठेवायचं. ईडीमध्ये चालू ओळीचं नाव होतं टिंब. नुसतं टिंब आणि बरोबरचं चिन्ह टाईप केलं की ओळीचा क्रमांक छापून येई. 'पी' म्हटलं की ती ओळ छापून येई. काही चुकलं तर उत्तरादाखल एक प्रश्नचिन्ह, बस्स. एवढा अबोल प्रोग्रॅम पुन्हा झाला नसावा.

पुढे पडदे आले. १९७६ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात शिकत असताना बिल जॉय यांनी 'व्हीआय' हा पूर्ण पडदाभर मजकूर दाखवणारा एडिटर लिहायला घेतला. कर्सर आता दिसू लागला. मग तेव्हाच चालू ओळीला रंग का नाही दिला? एक कारण रंगीत पडदे दुर्मीळ होते हे. पण उजेड-अंधार उलटा करून ओळ उठावदार करणारे टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकाला जोडलेले पडदे, तेव्हाही होते. खरी अडचण तारेची होती.

बिल जॉय घरून काम करत ते ३०० बॉडच्या मोडेमवर. म्हणजे दूरच्या संगणकाकडून पडद्यावर सेकंदाला साधारण ३० अक्षरं येणार. पडद्याची ओळ ८० अक्षरांची. पट्टी एक ओळ खाली सरकवायची तर जुनी ओळ साध्या रूपात पुन्हा पाठवा आणि नवी ओळ उठावदार रूपात पुन्हा पाठवा: १६० अक्षरं. १६० भागिले ३०, म्हणजे पाच सेकंदांहून जास्त. बाण एकदा खाली दाबायचा आणि पट्टी येईपर्यंत चहाचा घोट घ्यायचा! कर्सर हलवायला मात्र दोन-चार अक्षरांचा इशारा पुरे. त्या काळी कर्सरवर भागवलं गेलं त्यात नवल नाही.

व्हीआयच्या वंशातल्या 'विम'मध्ये चालू ओळ रंगवायची सोय आली ती सातव्या आवृत्तीत, २००६ मध्ये. त्याच्या मदतपुस्तिकेत आजही इशारा आहे की हे चालू केलं तर पडदा रंगवायला वेळ लागेल.

आज तार वेगवान आहे, पण हिशेब तोच. ५० ओळी दिसतात, प्रत्येक २० पिक्सेल उंच, रुंदी १९२० पिक्सेल असं धरू. सगळा मजकूर नव्यानं रंगवायचा तर १९ लाख २० हजार ठिपके. फक्त जुनी आणि नवी ओळ रंगवली तर ७६ हजार ८००, म्हणजे पंचविसावा भाग. शहाणा एडिटर दोनच ओळी रंगवतो.

३. पेन्सिलीची रेघ नको

आता मावशीच्या मूळ प्रश्नाकडे. लेजरमधली ओळ दोन तऱ्हांनी दाखवता येते. एक, तिच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारायची. दोन, पट्टी ठेवायची. वर्डमधला हायलायटर ही पेन्सिल आहे. तो रंग दस्तऐवजाचा भाग होतो, जतन होतो, छापला जातो. चालू ओळीचा रंग असा असून चालणार नाही.

साध्या मजकुराच्या फाईलमध्ये रंग साठवायला जागाच नसते, तेव्हा तिथे फाईल बिघडायची भीती नाही. फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. एडिटर लिहिणारे बहुतेक जण मजकुराची चौकट स्वतः घडवत नाहीत, तयार घेतात. क्यूटी नावाच्या साधनसंचातली अशी तयार चौकट अक्षरांना रंग, जाडी, तिरपेपणा देऊ शकते. नवशिका विचार करतो, चला, चालू ओळीच्या मजकुरालाच पिवळी पार्श्वभूमी देऊ. देतो. छान दिसतं. मग एक शब्द खोडून 'अनडू' करायला जातो, तर शब्द परत येत नाही, पिवळा रंग जातो. पुन्हा अनडू, आणखी कुठलातरी रंग जातो. कारण प्रत्येक रंगबदल त्या चौकटीनं 'मजकुरातला बदल' म्हणून वहीत टिपून ठेवलेला असतो. वर, फाईलमध्ये काहीच न लिहिता नुसतं वरखाली फिरलं तरी बंद करताना विचारणा होते: बदल जतन करायचे का?

मी स्वतः हे करून बसलो आहे, आणि एक अख्खी संध्याकाळ अनडूवर संशय घेण्यात घालवली आहे.

म्हणून क्यूटीमध्ये 'जादा निवडी' नावाची वेगळी यादी असते. ती मजकुराकडे नसते, मजकूर दाखवणाऱ्या चौकटीकडे असते. 'या जागेवर अमुक रंग दाखव' एवढंच तिला सांगायचं. मजकुराला त्याचा पत्ताही लागत नाही. ईमॅक्स या एडिटरमध्ये यासाठी मजकुरावर अंथरायचं पारदर्शक आच्छादन असतं. तिथून मजकूर नक्कल करून दुसरीकडे चिकटवला तरी आच्छादन मागेच राहतं. मावशीची पट्टी ती हीच.

४. आधी सारवण, मग रांगोळी

पट्टी अक्षरांवर ठेवली तर अक्षरं झाकली जातील. म्हणून रंगवायचा क्रम ठरलेला असतो. सगळ्यात आधी पानाचा रंग, त्यावर चालू ओळीची पट्टी, त्यावर माउसनं निवडलेल्या मजकुराचा रंग, त्यावर अक्षरं, आणि शेवटी लुकलुकणारा कर्सर. अंगण सारवल्यावर रांगोळी काढतात; उलटं करून बघा.

या क्रमात निवडीला पट्टीच्या वर ठेवलं, ते मुद्दाम. निवडलेला मजकूर खोडला जाऊ शकतो, नक्कल होऊ शकतो, त्यामुळे तो नेमका कुठून कुठे आहे हे कळणं जास्त महत्त्वाचं. विमनं तर पुढची पायरी गाठली आहे: मजकूर निवडायला घेतला की चालू ओळीची पट्टी तो काढूनच घेतो.

५. पट्टी कोण सरकवतं?

दोन मार्ग आहेत. दूधवाला आला का हे बघायला दर पाच मिनिटांनी दार उघडायचं, किंवा त्यानं घंटा वाजवली की उघडायचं.

क्यूटीत घंटेची सोय आहे. कर्सर हलला, मग तो बाणानं हलो, माउसनं हलो किंवा अक्षर टाईप केल्यामुळे हलो, चौकट एक संदेश सोडते: 'कर्सरची जागा बदलली'. आपण आधीच सांगून ठेवायचं की हा संदेश आला की अमुक काम कर. क्यूटीच्या सोबत मिळणाऱ्या नमुना-एडिटरमध्ये हे काम जेमतेम दहा-बारा ओळींचं आहे. पायऱ्या अशा: एक जादा निवड तयार कर. तिला पिवळ्याचा फिकट रंग दे. 'पूर्ण रुंदी' असा गुण दे, म्हणजे पट्टी शेवटच्या अक्षराशी न थांबता उजव्या कडेपर्यंत जाईल. कर्सरची सध्याची जागा तिच्यात भर. आणि त्या जागेला चिकटलेली माउसची निवड असेल तर ती पुसून टाक. ही शेवटची पायरी विसरली की मजा येते: दहा ओळी निवडल्या की दहाही ओळी कडेपर्यंत पिवळ्या. मग यादी चौकटीच्या हवाली करायची. जुनी पट्टी वेगळी काढावी लागत नाही; नवी यादी आली की जुनी आपोआप जाते.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसोबत येणाऱ्या टीके या साधनात अशी घंटा नाही. कळ सोडली, माउसचं बटण सोडलं, यांचे संदेश मिळतात, पण 'कर्सर हलला' असा एकच संदेश मिळत नाही. त्यामुळे अनेक जण सरळ दार उघडून बघण्याचा मार्ग धरतात: दर १०० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदातून दहा वेळा, कर्सर कुठे आहे ते पाहून पट्टी तिथे ठेवायची. ऐकायला गावंढळ वाटतं, पण चालतं, आणि माणसाच्या डोळ्याला दशांश सेकंदाचा उशीर फारसा खुपत नाही.

टीकेमध्ये आणखी एक खाचखळगा आहे. ओळीच्या आरंभापासून शेवटच्या अक्षरापर्यंत रंग द्या म्हटलं, तर पट्टी अक्षरांपुरतीच येते. छोट्या ओळीला छोटी पट्टी, आणि रिकाम्या ओळीला पट्टीच नाही! तोडगा पहिल्या भागातल्या मण्यात आहे. शेवटच्या अक्षरानंतर आणखी एक मणी पुढे जायचं, म्हणजे नवओळही रंगात घ्यायची. नवओळीला रुंदी नसते, पण तिला रंग दिला की टीके तो उजव्या कडेपर्यंत ओढून नेतं. न दिसणाऱ्या मण्यानं दिसणारी पट्टी पुरी केली.

६. पट्टी की चादर

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या ओळी आखूड असतात, म्हणून त्यांना हा प्रश्न उशिरा कळतो. गद्य लिहिणाऱ्याला पहिल्याच पानावर कळतो. आपण परिच्छेद संपल्याशिवाय एंटर दाबत नाही. पडद्याची रुंदी संपली की एडिटर मजकूर दुमडून खाली आणतो, पण तिथे नवओळीचा मणी नसतो. संगणकाच्या लेखी सात ओळींचा परिच्छेद ही एकच ओळ.

मग चालू ओळ कुठली? अख्खा परिच्छेद रंगवला तर पट्टीची चादर होते आणि डोळ्याला जागा दाखवण्याचं काम तिच्याकडून होत नाही. दिसणारी एकच ओळ रंगवली तर लिहिणाऱ्याला बरं वाटतं, पण प्रोग्रॅमरला 'ही सगळी एकच आज्ञा आहे' हे कळत नाही. विम मूळ पद्धतीनं चादर अंथरतो, आणि कुणाला नको असेल तर पडद्यावरच्या ओळीपुरती पट्टी ठेवायचा पर्याय देतो. तुम्ही कविता, कोड किंवा यादी लिहीत असाल तर फरक पडणार नाही. कथा लिहीत असाल तर तो पर्याय शोधाच.

७. वेलांटी बाहेर

हा भाग इंग्रजी पुस्तकांत सहसा नसतो. पट्टीची उंची किती? सोपं उत्तर: ओळीच्या उंचीइतकी. पण ओळीची उंची कुणाच्या मापानं?

रोमन अक्षरं बहुतेक एका आडव्या रेषेवर उभी असतात, वरखाली थोडीच डोकावतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. 'कीर्तीं' लिहून बघा: शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघांची दाटी. 'पूर्तू' असं काही लिहिलं तर वर रफार आणि खाली उकारही.

एडिटरसाठी निवडलेल्या टंकात, म्हणजे फाँटमध्ये, देवनागरी नसेल तर प्रणाली गुपचूप दुसऱ्या टंकातून अक्षरं उसनी आणते. पाहुणा उंच असतो. समजा मूळ टंकाला १८ पिक्सेल पुरतात आणि उसन्याला २४ लागतात. पट्टी मूळ टंकाच्या मापानं कापलेली असेल तर वेलांटी पट्टीच्या बाहेर पांढऱ्यावर राहते. त्यातून फक्त पट्टीपुरताच भाग पुन्हा रंगवला, तर कर्सर पुढे गेल्यावर वेलांटीचे तुकडे मागे उरतात, जणू ओळीवर कुणी शिंतोडे उडवलेत. योग्य रीत ही की त्या ओळीत प्रत्यक्ष आलेल्या सगळ्या टंकांपैकी जो सर्वांत वर जातो आणि जो सर्वांत खाली जातो, त्या दोन टोकांमध्ये पट्टी बसवायची. पाहुण्याच्या मापानं गादी घालायची.

८. रंग किती?

पट्टीचा रंग ठरवायची साधी रीत म्हणजे मिश्रण. चहात दूध घालतो तसं. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा या तीन मापांनी बनतो, प्रत्येक माप ० ते २५५. पांढरा म्हणजे तिन्ही २५५. गडद पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. पांढऱ्या पानावर पिवळा २० टक्के मिसळू. लाल आणि हिरवा दोन्हीकडे २५५ असल्यानं तसेच राहतात. निळा: शून्याचे २० टक्के अधिक २५५ चे ८० टक्के, म्हणजे २०४. झाली फिकट पिवळी पट्टी. क्यूटीच्या नमुन्यातला पिवळा याहून गडद आहे. त्यात निळा १५३ निघतो.

गडद म्हणजे किती गडद चालेल? अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक मोजायचं एक सूत्र आहे. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१, आणि दोन्ही एकच रंग म्हणजे १. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या सर्वमान्य नियमांत साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ लागतो. काळ्या अक्षरांना पिवळी पट्टी काहीच करत नाही. पण एडिटरमध्ये टिपा-शेरे बहुधा करड्या रंगात दाखवतात. तिन्ही मापं ११८ असलेला करडा घ्या. पांढऱ्यावर त्याचा आकडा येतो ४.५४: काठावर पास. त्याच करड्याला क्यूटीच्या नमुन्यातल्या पिवळ्यावर ठेवलं की ४.३३: नापास.

यातली गोची लक्षात घ्या. सगळ्या पानभर शेरे वाचता येतात, आणि ज्या ओळीवर आपण काम करतोय नेमक्या तिथेच ते अंधुक होतात. काळ्या पार्श्वभूमीवर पट्टी उजळ करतात तेव्हाही तेच. म्हणून पट्टी शोधावी लागली तरी चालेल, इतकी फिकट ठेवावी असं माझं मत आहे. मावशीच्या नोटपॅड प्लस प्लसमधली मापं आहेत २३२, २३२, २५५. डॉन हो यांचा हा एडिटर २००३ पासून आहे आणि नील हॉजसन यांच्या सिंटिला या तयार चौकटीवर उभा आहे. त्याच्या सगळ्या रंगांशी माझं जमत नाही, पण ही पट्टी बेतानं निवडलेली आहे.

९. दोन खिडक्या

पंधरा दिवसांनी मावशीचा पुन्हा फोन. यंदाची आणि गेल्या वर्षीची यादी तिनं शेजारीशेजारी उघडली होती. "दोन्हीकडे पट्टी आहे. मी टाईप केलं तर कुठे उमटणार?"

प्रश्न रास्त होता. एडिटर लिहिणाऱ्यांतही यावर एकमत नाही. दुसऱ्या खिडकीतली पट्टी ठेवली तर तिथे परतल्यावर आपली जागा चटकन सापडते, काढली तर आत्ता टाईप कुठे होणार ते कळतं. ईमॅक्समध्ये यासाठी एक कळसूत्र आहे, त्याचं नावच 'चिकट': चालू असेल तर खिडकी सोडली तरी पट्टी चिकटून राहते. व्हीएस कोड या एडिटरमध्ये पट्टी फक्त लक्ष असलेल्या खिडकीत दाखवायचा पर्याय आहे. मावशीला मी एवढंच सांगितलं की लुकलुकतं कुठे ते बघ.

मग तिनं प्रिंट दिली. पडद्यासाठी आणि कागदासाठी मजकूर रंगवायचं काम सिंटिलात एकच यंत्रणा करते, पण कागदाकडे वळताना ती चालू ओळीची पट्टी आधी बंद करते. पानं पट्टीशिवाय स्वच्छ आली. त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती दोन याद्यांचे कागद टेबलावर घेऊन बसली होती, आणि नावं ताडताना एका ओळीखाली बँकेतली जुनी लाकडी पट्टी सरकवत होती.